अकाल तख्त दोनदा का बांधावे लागले : जून १९८४ च्या स्मृतीचा प्रकरण अभ्यास

अमृतसरच्या हरमंदिर साहिब (सुवर्णमंदिर) परिसरात आज उभी असलेली अकाल तख्ताची, म्हणजे शीख पंथाच्या सर्वोच्च धर्मपीठाची, इमारत ही जून १९८४ च्या ‘ऑपरेशन ब्लू स्टार’ या लष्करी कारवाईनंतरची दुसरी इमारत आहे. पहिली केंद्र सरकारच्या पुढाकाराने अवघ्या काही महिन्यांत उभी राहिली होती. बांधकामात म्हणावा असा दोष नव्हता, तरी १९८६ साली शिखांनी ती स्वतः उतरवली आणि जोत्यापासून पुन्हा बांधायला घेतली. लष्करी कारवाईची स्मृती जपताना काय अडते, का अडते, हे समजून घ्यायला याच्याइतके बोलके उदाहरण आपल्या देशात दुसरे सापडणार नाही. पडलेली भिंत गवंडी उभी करतो. ती कोणी उभी करायची, कोणती खूण बुजवायची आणि कोणती ठेवायची, मेलेल्यांची मोजणी कोणत्या रकान्यात करायची, हे प्रश्न गवंड्याच्या हातातले नसतात. अमृतसरमध्ये सगळे गाडे तिथेच रुतले.

जागा आणि ती रात्र

परिसराची रचना डोळ्यांसमोर असल्याशिवाय पुढचे कळत नाही. मध्ये सरोवर, सरोवरात हरमंदिर साहिब, तिथून पश्चिमेला काठाकडे येणारा पूल, पुलाच्या तोंडाशी दर्शनी ड्योढी, म्हणजे प्रवेशद्वाराची इमारत, आणि ड्योढीसमोरचे मोकळे अंगण ओलांडले की अकाल तख्त. सरोवराभोवती संगमरवरी परिक्रमा. अकाल तख्ताच्या मजल्यांवरून पूल आणि परिक्रमेचा मोठा भाग माऱ्यात येतो. गुरू हरगोविंदांनी १६०६ साली, वडील गुरू अर्जनदेव यांच्या हौतात्म्यानंतर, हे तख्त स्थापले. हरमंदिरात भक्ती, तख्तावर पंथाचे निर्णय, अशी ही समोरासमोरची मांडणी आहे. पंथावर बंधनकारक असलेले हुकूमनामे, म्हणजे धर्मादेश, इथून निघतात. म्हणून ‘मुख्य मंदिराला धक्का लागू दिला नाही’ हा सरकारचा युक्तिवाद शीख मनाला कधीच पटला नाही. तख्त हे त्यांच्या लेखी मंदिराच्या आवारातली जोड-इमारत नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये दमदमी टकसाल या शीख धर्मशिक्षण संस्थेचे प्रमुख आणि सशस्त्र अतिरेक्यांचे नेते जर्नेलसिंग भिंद्रानवाले परिसरातल्या गुरू नानक निवास या सरायीतून अकाल तख्तात राहायला आले. पंजाबात तोवर खुनांची मालिका सुरू झाली होती. पोलीस उपमहानिरीक्षक अवतारसिंग अटवाल यांना २५ एप्रिल १९८३ रोजी हरमंदिर साहिबच्या प्रवेशद्वाराशी गोळ्या घातल्या गेल्या होत्या, बसमधून हिंदू प्रवाशांना उतरवून मारण्याचे प्रकार घडले होते. तख्ताची आणि आजूबाजूच्या इमारतींची मोर्चेबंदी केली ती माजी मेजर जनरल शाबेगसिंग यांनी. १९७१ मध्ये मुक्तिवाहिनीला प्रशिक्षण देणारा हा अधिकारी. त्याने मशीनगनची तोंडे जमिनीलगत, जाळ्यांमागे आणि तळघरांच्या झरोक्यांत ठेवली. परिक्रमेवर पुढे येणाऱ्या जवानांच्या पायांना गोळ्या लागल्या त्या यामुळे.

३ जून १९८४ हा गुरू अर्जनदेवांचा शहीदी गुरुपर्व होता. गावोगावचे यात्रेकरू, बायकामुले, म्हातारी माणसे परिसरात मुक्कामाला होती. त्याच दिवशी पंजाबभर संचारबंदी लागली, रेल्वे आणि बस थांबल्या, टेलिफोन बंद झाले, पत्रकारांना राज्याबाहेर काढले गेले. आत आलेल्यांना बाहेर पडायची वाट उरली नाही. बाहेर पडण्याची आवाहने ध्वनिक्षेपकावरून झाली, पण बाहेर आले ते मोजके लोक. कारवाईसाठी गुरुपर्वाचे दिवस निवडले जाणे ही या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढच्या प्रत्येक वादाच्या मुळाशी ती सापडते.

पश्चिम विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल के. सुंदरजी, त्यांचे चीफ ऑफ स्टाफ लेफ्टनंट जनरल रणजितसिंग दयाल आणि ९ डिव्हिजनचे मेजर जनरल कुलदीपसिंग ब्रार यांच्याकडे कारवाईची सूत्रे होती. मुख्य हल्ला ५ जूनच्या रात्री झाला. घंटाघराच्या बाजूने शिरलेल्या १० गार्ड्‌सच्या तुकडीला सुरुवातीलाच जबर हानी सोसावी लागली. अश्रुधुराच्या धर्तीचा सीएस वायू तख्तात पोहोचवायचा प्रयत्न फसला, कारण खिडक्या-दारे विटांनी आणि वाळूच्या पोत्यांनी चिणलेली होती. पाठवलेले चिलखती वाहन रॉकेटने निकामी झाले. मग विजयंता रणगाडे परिक्रमेत उतरवले गेले. आधी त्यांच्या प्रखर दिव्यांनी आतल्यांचे डोळे दिपवायचे असा बेत होता. ६ जूनला उजाडता उजाडता त्यांच्या १०५ मिलिमीटर तोफा तख्तावर चालल्या. दर्शनी भाग कोसळला, आत आग लागली. भिंद्रानवाले, शाबेगसिंग आणि भिंद्रानवाले यांचे निकटचे सहकारी अमरीकसिंग यांचे मृतदेह तिथे सापडले.

एका रकान्यातले मृत

१० जुलै १९८४ रोजी सरकारने श्वेतपत्रिका काढली. त्यात लष्कराचे ८३ मृत आणि २४९ जखमी नोंदले आहेत. समोरच्या बाजूचे ४९३ मृत आणि ८६ जखमी. या ४९३ चे शीर्षक ‘नागरिक/दहशतवादी’ असे आहे. मध्ये एक तिरकी रेघ, बस्स. गुरुपर्वाला आलेली आजी आणि मशीनगनमागचा तरुण एकाच रकान्यात. इतर अंदाज याहून पुष्कळ जास्त आहेत, काही हजारांत जातात, आणि त्यांच्यात मेळ नाही.

हा मेळ का बसत नाही याचे कारण साधे आहे. संचारबंदीत, ऐन जूनच्या उन्हात मृतदेह नगरपालिकेच्या कचरागाड्यांतून चाटीविंड स्मशानभूमीत नेऊन सामुदायिक दहन केले गेले. ओळख पटवणे, नातेवाइकांना बोलावणे, अस्थी सुपूर्द करणे, यातले काही झाले नाही. एखाद्या दुर्घटनेनंतर मृतांची नोंद करताना किमान चार गोष्टी लागतात : सापडण्याची जागा, अंगावरच्या वस्तू, छायाचित्र आणि दहनाची वेळ. त्या आठवड्यातच त्या टिपल्या गेल्या तरच उपयोगाच्या. एकदा दहन झाले की पुढे कितीही आयोग नेमा, संख्या अंदाजाचीच राहते. स्मृतिदिनी नावे वाचली जातात ती लढणाऱ्यांची. यात्रेकरूंची सर्वमान्य यादी नाही, म्हणून त्यांचा उल्लेख ‘निष्पाप संगत’, म्हणजे निष्पाप भाविकजन, असा एकत्रच होतो. सरकारच्या रकान्यात ते हरवले आणि पंथाच्या घोषणांतही हरवले.

जिवंत पकडल्या गेलेल्यांचे वेगळे झाले. परिसरातून धरलेल्या साडेतीनशेहून अधिक जणांना जोधपूरच्या तुरुंगात वर्षानुवर्षे ठेवले गेले. त्यांच्या नावांची नोंद तुरुंगाच्या दप्तरात होती, म्हणून ते पुढे न्यायालयात उभे राहू शकले. भरपाईसाठी झगडणाऱ्यांपैकी ४० जणांच्या बाजूने अमृतसरच्या न्यायालयाने २०१७ मध्ये निकाल दिला, माणशी ४ लाख रुपये आणि व्याज. रक्कम मोठी नाही. पण ज्याची नोंद राहिली त्याला तेहतीस वर्षांनी का होईना दाद मागता आली, आणि ज्याची राहिली नाही त्याच्या वारसाला काहीच हाती लागले नाही.

सरकारी तख्त

पडक्या तख्ताचे छायाचित्र जगभर जात होते. ते दृश्य लवकर पुसावे, अशी दिल्लीची घाई होती. गुरुद्वारांचा कारभार पाहणारी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती आणि तख्तांचे जथेदार, म्हणजे प्रमुख, म्हणत होते, आधी लष्कर बाहेर काढा, मग बांधकामाचे बोलू. काहींचे म्हणणे होते की अवशेष काही काळ तसेच राहू द्यावेत. वाटाघाटी फिसकटल्या. मग सरकारने निहंगांच्या, म्हणजे शस्त्रधारी शीख पंथीयांच्या, बुढा दलाचे प्रमुख बाबा संतासिंग यांना पुढे करून ‘कारसेवा’ सुरू केली. राजकीय बाजू केंद्रीय मंत्री बुटासिंग सांभाळत होते. प्रत्यक्ष काम कंत्राटदाराच्या मजुरांनी केले.

इथे मोडले ते नेमके काय? कारसेवेला ठरलेली रीत आहे. संगतीने पंथाच्या संमतीने, मजुरी न घेता, डोक्यावर टोपली वाहून केलेले काम ते कारसेवा. १९२३ आणि १९७३ मध्ये सरोवरातला गाळ असाच काढला गेला. न्यायाधीश आणि शेतमजूर एका ओळीत उभे राहून चिखलाच्या टोपल्या पुढे देत होते. त्यात गाळ निघतो, आणि ज्याने टोपली वाहिली त्याची ती जागा होते. सरकारच्या बांधकामात संगत नव्हती, पंथाची संमती नव्हती, आणि ज्या सरकारचे रणगाडे आत आले त्याचाच पैसा विटेला लागत होता. जुलै १९८४ मध्ये संतासिंगांना पंथातून बाहेर काढले गेले, बुटासिंगांना तनखैया, म्हणजे धर्मदंडास पात्र, ठरवले गेले. बुटासिंगांनी पुढे १९९४ मध्ये जोडे पुसण्याची, भांडी घासण्याची सेवा करून तो दंड फेडला.

लोक त्या इमारतीला ‘सरकारी तख्त’ म्हणू लागले तेव्हाच तिचे भवितव्य ठरले होते. २६ जानेवारी १९८६ च्या सरबत खालशात, म्हणजे पंथाच्या आमसभेत, ती उतरवण्याचा निर्णय झाला, लगोलग काम सुरू झाले. कारसेवेची धुरा दमदमी टकसालने घेतली. नवे पाचमजली तख्त पुरे व्हायला नव्वदचे दशक उजाडले. दुसऱ्या बांधकामात मात्र एक तोटा झाला, त्याबद्दल कमी बोलले जाते. तोफगोळ्यांनी फोडलेली मूळ चिराबंदी पहिल्या घाईतच उचलली गेली होती, उरलेसुरले दुसऱ्या वेळी गेले. तख्ताच्या जागी १९८४ चा एकही मूळ घाव आता दिसत नाही. बाहेरच्या हाताने केलेली दुरुस्ती आणि तिचा राग, दोन्हींनी मिळून पुरावा संपवला.

जखमी सरूप

पुरावा उरला तो अनपेक्षित ठिकाणी. हरमंदिर साहिबमध्ये प्रकाश असलेल्या, म्हणजे दर्शनासाठी उघडून ठेवलेल्या, गुरू ग्रंथ साहिबच्या सरूपाला, म्हणजे प्रतीला, त्या दिवसांत गोळी लागली. गोळी वरच्या आवरणातून आत शिरून पानांमध्ये थांबली. हे सरूप जपून ठेवले गेले आणि जून २०२१ मध्ये, ३७ वर्षांनी, अकाल तख्ताजवळच्या गुरुद्वारा शहीद बाबा गुरबख्शसिंग इथे संगतीच्या दर्शनासाठी खुले केले गेले.

हा निर्णय किती अवघड होता हे मर्यादा माहीत असेल तरच ध्यानात येते. जीर्ण किंवा क्षत झालेल्या सरूपाचे एरवी अग्निभेट संस्कार होतात. त्यासाठी गोइंदवाल साहिबला स्वतंत्र व्यवस्था आहे. म्हणजे रिवाजाप्रमाणे हा ग्रंथ केव्हाच अग्नीला दिला गेला असता. तो ठेवायचा तर संग्रहालयातली वस्तू म्हणून काचेच्या पेटीत ठेवता येत नाही, कारण शिखांसाठी तो ग्रंथ गुरूच आहे. त्याला पालखी हवी, रुमाला (पांघरायचे वस्त्र) हवा, चौर (चवरी) ढाळणारा सेवादार हवा, रात्री सुखासन (शयनासाठी मिटून ठेवणे) हवे. ‘पाहायला’ येणाऱ्यालाही डोके झाकून, अनवाणी, माथा टेकूनच पुढे जावे लागते.

कागदाच्या जतनाच्या बाजूनेही इथे सांभाळायचे पुष्कळ असते. गोळीच्या भोकाभोवती कागदाचे तंतू फाटून बाहेर उभे राहतात, धातूचा गंज आणि जळका काळपटपणा हळूहळू शेजारच्या पानांत उतरतो. अशा प्रतीला प्लास्टिकचे लॅमिनेशन करणे म्हणजे तिचा घात. आत दमटपणा कोंडतो आणि पाने पिवळी पडून तडकतात. योग्य रीत अशी : पाने सुटी करून कोरड्या मऊ ब्रशने साफ करायची, आम्लता तपासून उतरवायची, फाटक्या कडांना पातळ जपानी टिश्यू गव्हाच्या खळीने लावायचा, आणि भोक भरायचे नाही. कडा धरून ठेवायच्या, पोकळी तशीच सोडायची. धातूचा तुकडा वेगळ्या डबीत ठेवायचा, पानांत नाही. दर्शनाच्या वेळी प्रकाश मंद, सुमारे ५० लक्स, आणि तोही मोजके दिवसच. खुणेला हात न लावता खूण टिकवणे म्हणतात ते हे. तख्ताच्या बाबतीत जे साधले नाही, ते या ग्रंथाच्या बाबतीत साधता आले.

हरमंदिर साहिबच्या सोनेरी पत्र्यांची गोष्ट या दोहोंच्या मधली. तांब्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या त्या पत्र्यांवरही गोळ्यांच्या खुणा होत्या. १९९५ ते १९९९ या काळात बर्मिंगहॅमच्या गुरू नानक निष्काम सेवक जथ्याने सगळ्या मुलाम्याची कारसेवा केली. संगतीचे हात, पंथाची संमती, त्यामुळे वाद झाला नाही. खुणा मात्र भिंतीवरून गेल्या.

६ जूनचा दिवस

दरवर्षीचा कार्यक्रम ठरलेला आहे. ४ जूनला सकाळी अकाल तख्तावर अखंड पाठ सुरू होतो. १४३० अंग, म्हणजे पाने, सुमारे ४८ तासांत, पाठी, म्हणजे वाचक, आळीपाळीने बसून. पुढचा पाठी ओळ उचलतो तोवर आधीचा थांबत नाही. ६ जूनला सकाळी भोग पडतो, म्हणजे पाठाची सांगता होते, मग कीर्तन, अरदास (सामुदायिक प्रार्थना), हुकूमनामा (ग्रंथातून निघणारे त्या वेळचे वचन). त्यानंतर जथेदार पंथाला संदेश देतात आणि शहिदांच्या कुटुंबीयांना सिरोपा, म्हणजे सन्मानवस्त्र, दिला जातो. घल्लुघारा दिवस असे त्याचे नाव, १७४६ आणि १७६२ च्या संहारांच्या रांगेत बसवलेले.

अडचण येते ती भोगानंतरच्या तासाभरात. तख्तासमोरचे अंगण तसे आटोपशीर, आणि हरमंदिराच्या दर्शनाची रांगही तिथूनच जाते. धार्मिक भाग संपला की घोषणा सुरू होतात, माइक कोणाच्या हाती यावरून रेटारेटी होते. २०१४ मध्ये, तिसाव्या वर्षी, समितीचे सेवादार आणि शिरोमणी अकाली दलाच्या (अमृतसर) गटाचे नेते सिमरनजितसिंग मान यांचे समर्थक यांच्यात परिसरातच तलवारी उपसल्या गेल्या आणि काही जण जखमी झाले. त्यानंतर बंदोबस्त वाढला. २०२५ मध्ये तर जथेदार ग्यानी कुलदीपसिंग गडगज यांच्या नेमणुकीलाच दमदमी टकसालचा विरोध होता. त्यांनी वेगळा संदेश न देता तो अरदाशीतच गुंफला. अरदास चालू असताना सगळे हात जोडून उभे असतात, मध्ये कोणी घोषणा देत नाही. आयोजनाच्या दृष्टीने ही फार शहाणी युक्ती होती. 

परिसरातच गुरुद्वारा यादगार शहीदां उभा आहे. २० मे २०१२ रोजी पायाभरणी, २७ एप्रिल २०१३ ला तो खुला झाला. स्मारक व्यक्तीचे नसून सर्व मृतांचे असेल, गुरुद्वाराच्याच स्वरूपात असेल, अशी समितीची भूमिका होती. प्रत्यक्षात भिंद्रानवाले यांचे नाव आत कोरले गेले आणि वाद पेटला. यात्रेकरूंची यादी हाताशी असती तर त्या भिंतीवर आज कदाचित शेकडो नावे असती आणि एका नावावरून इतके रण माजले नसते.

ग्रंथालय

१९४६ साली स्थापन झालेले शीख संदर्भ ग्रंथालय याच परिसरात होते. हस्तलिखिते, जुनी सरूपे, गुरूंचे हुकूमनामे. लढाईत आग लागून ते जळाले, असे सरकारने सांगितले. समितीचे म्हणणे, लढाई थांबेपर्यंत ते शाबूत होते, लष्कराने पोत्यांत भरून साहित्य नेले आणि मग इमारत जळाली. हा वाद वर्षानुवर्षे शब्दाला शब्द असाच राहिला असता. पण तेव्हाचे संरक्षणमंत्री, मुंबईच्या कामगार चळवळीतून आलेले जॉर्ज फर्नांडिस, यांनी २००० साली समितीला कळवले की साहित्य सीबीआयच्या ताब्यात दिले गेले होते. म्हणजे सगळे जळालेले नव्हते. २००४ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने ते परत करण्याचा आदेश दिला.

यानंतर प्रकरण विचित्र वळणावर गेले. काही साहित्य टप्प्याटप्प्याने परत आल्याच्या पावत्या निघाल्या, आणि आलेले तरी सगळे ग्रंथालयात पोहोचले का, असा प्रश्न उभा राहिला. २०१९ मध्ये समितीला स्वतःच्याच कारभाराची चौकशी करायला समिती नेमावी लागली. अशा वादात निर्णायक ठरतो तो एकच कागद, दाखल-नोंदवही.  कोणत्याही हस्तलिखित संग्रहाने यातून घ्यायचे ते एवढेच नेमके : नोंदवहीची प्रत दुसऱ्या गावात ठेवा, प्रत्येक हस्तलिखिताचे पहिले, मधले आणि शेवटचे पान छायाचित्रित करा, आणि परत आलेली वस्तू पावतीवर ‘ग्रंथ, नग एक’ अशी न लिहिता पानसंख्या, आकार आणि पुष्पिकेसह (शेवटच्या समाप्तिवाक्यासह) लिहा. २००४ च्या हल्ल्यानंतर पुण्याच्या भांडारकर संस्थेतली मंडळी फाटक्या पोथ्यांची पाने जुळवत बसली, त्यांना याचे मोल सांगायला नको.

पुणे आणि येरवडा

मराठी वाचकाच्या आठवणीत हे प्रकरण बहुधा एका तारखेने येते. १० ऑगस्ट १९८६. कारवाईच्या वेळचे लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य निवृत्तीनंतर पुण्यात राहत होते. १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही युद्धांत महावीरचक्र मिळवलेला हा मराठी सेनानी. पत्नीसह मोटारीने घरी परतताना पुणे कॅम्पात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. हरजिंदरसिंग जिंदा आणि सुखदेवसिंग सुखा यांना ९ ऑक्टोबर १९९२ रोजी येरवडा तुरुंगात फाशी झाली. मुंबईत गोरेगाव-मालाडच्या रस्त्याला वैद्यांचे नाव आहे, पुण्यात भवानी पेठेतल्या स्टेडियमला आहे. अमृतसरमध्ये दर ९ ऑक्टोबरला सुखा-जिंदा यांची शहीद म्हणून आठवण होते.

दोन गावे एकाच घटनेच्या दोन टोकांना स्मरण करतात. वैद्यांच्या खुनाचे समर्थन होऊ शकत नाही, आणि त्या खुनामुळे ३ जूनला आत अडकलेल्या यात्रेकरूंचा प्रश्न मिटतही नाही. महाराष्ट्रात तर पाच तख्तांपैकी एक, नांदेडचे हजूर साहिब, आहे. जूनमधला हा स्मृतिदिन तिथल्या संगतीचाही आहे.

करण्याजोगे काम अजून शिल्लक आहे, आणि ते यात्रेकरूंच्या यादीचे. जोधपूर कैद्यांच्या जबान्या, त्या आठवड्यातल्या रुग्णालयांच्या नोंदी, पंजाबातल्या गावागावांतून गुरुपर्वाला गेलेल्या आणि परत न आलेल्यांची ग्रामपंचायतींत व कुटुंबांत उरलेली माहिती, सरायांत उतरलेल्यांची आठवण असलेले जुने सेवादार, हे सगळे एकमेकांशी ताडून पाहावे लागेल. एका नावाला किमान दोन स्वतंत्र आधार, वय, गाव, घरातून निघाल्याची तारीख, शेवटचे कोणी पाहिले. लष्कराच्या ८३ जणांची नावे, हुद्दे, पलटणी नोंदलेल्या आहेत. दुसऱ्या बाजूची यादी सरकारने दप्तर उघडल्याशिवाय आणि समितीने गावोगाव माणसे पाठवल्याशिवाय होणार नाही. त्या वेळी तिशीत असलेले साक्षीदार आज सत्तरी ओलांडून गेले आहेत.